दुकानात चालू, केंद्रावर बंद

सकाळी पावणेआठला फोन आला. मी दात घासत होतो म्हणून बायकोनं उचलला. "केंद्रवाले आहेत, रडकुंडीला आलेत," एवढंच म्हणाली आणि फोन माझ्या कानाला लावला.

३१ जुलै २०२३, सोमवार. त्या साली एक रुपयात पीक विमा पहिल्यांदाच आला होता आणि खरिपाच्या अर्जांची ती शेवटची तारीख होती. अंबाजोगाईच्या आसपास त्या आठवड्यात कुठल्याही गावात जा, सुविधा केंद्रापुढं चपलांचा ढीग. सातबारा, आठ अ, आधार, पासबुकाची झेरॉक्स आणि पीकपेऱ्याचं स्वयंघोषणापत्र प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून माणसं पहाटेपासून नंबर लावत होती.

"सर, स्क्रीन येईना गेलीय. पंखा फिरतोय, लाईट लागतीय, पण सगळं काळं. बाहेर साठ-सत्तर माणूस बसलंय."

"काल काय केलं होतं?"

"काहीच नाही ओ."

अठरा वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात आहे. "काहीच केलं नाही" हे मी आता रामराम घातल्यासारखं ऐकतो. गिऱ्हाईक खोटं बोलत नसतं. त्याच्या लेखी त्यानं खरंच काही केलेलं नसतं. चहा सांडला तो पोरानं आणि उंदीर शिरला तो आपणहून.

बॅग भरली. मल्टिमीटर, दोन रॅम, एक एसएमपीएस (मशीनला आतून वीज पुरवणारा), ब्रश, खोडरबर. शिवाय एक बोटाच्या पेराएवढा बीपर, म्हणजे मदरबोर्डाची बीप ऐकवणारा भोंगा, माझ्या खिशात कायम असतो. हल्ली कॅबिनेटला, म्हणजे कॉम्प्युटरच्या डब्याला, तो लावूनच देत नाहीत, आणि मशीन मुकं असलं की आपण आंधळे. चौदा किलोमीटर गाडी मारली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी गुडघ्याच्या खाली सोयाबीन.

केंद्र म्हणजे दहा बाय बाराची खोली. टेबलाच्या पोटातल्या कप्प्यात कॅबिनेट मागं भिंतीपर्यंत कोंबलेलं. पाठीमागं वायरींचं जाळं असं, की त्यात हात घालायचा तर नवस बोलावा लागेल. मी वाकलो तसा केंद्रवाला म्हणाला, "मागच्या वायरींना तेवढं हलवू नका सर. थंबचं मशीन एकदा निघालं की परत धरायला अर्धा तास खातंय."

हलवलं नाही. इथंच चुकलो, पण ते पुढं.

काळी स्क्रीन एका जातीची नसते. मदरबोर्डाचा लोगो येतो, विंडोजचं चक्र फिरतं आणि मग काळं होतं, तर भांडण बहुधा विंडोजशी किंवा डिस्प्लेच्या ड्रायव्हरशी. जुन्या ट्यूबवाल्या एलसीडी मॉनिटरवर चित्र दोन सेकंद येऊन जातं. तेव्हा मोबाइलची बॅटरी तिरकी मारून बघायची. फिकट चित्र आत दिसलं तर कॉम्प्युटर ठणठणीत आहे, मागचा उजेड गेलाय. एकदा एका शाळेत मी याच बॅटरीच्या उजेडात हेडमास्तरांना पगाराची फाईल पेन ड्राइव्हवर काढून दिली होती. पण इथं तसलं काही नव्हतं. बटण दाबल्यापासूनच अंधार, आणि मॉनिटर म्हणतोय, सिग्नल नाही.

मॉनिटर माझ्या लॅपटॉपला लावला. छान आला. म्हणजे दुखणं डब्यात. बाजूचं झाकण काढलं. एच ६१ चा बोर्ड, डीडीआर ३ ची एकच रॅम, आपल्याकडं गल्लोगल्ली असेम्बल झालेलं मशीन. रॅम काढली, सोनेरी पट्टी खोडरबरनं घासली, खाचेत ब्रश मारला, परत बसवली. काळं. दुसऱ्या खाचेत. काळं. माझी रॅम. काळं.

मग बीपर लावला आणि रॅम काढूनच चालू केलं. रॅम नसली की बोर्डानं ओरडलं पाहिजे, तो त्याचा धर्म आहे. पंखा फिरत राहिला, बोर्ड गप्प. रॅम नाही म्हणूनसुद्धा ओरडत नाही, म्हणजे प्रोसेसर कामाला लागलेलाच नाही. आता संशय तिघांवर: एसएमपीएस, प्रोसेसर आणि बोर्ड.

एसएमपीएसचा चोवीस पिनांचा कनेक्टर उपसला, हिरवी आणि काळी तार यू पिननं जोडली. पंखा फिरला. पिवळ्या तारेवर १२.१ व्होल्ट, लालवर ५.०६, नारंगीवर ३.३४. पाच टक्के इकडं-तिकडं चालतं, हे तर त्याच्याही आत. तरी माझा एसएमपीएस लावून पाहिला. काळंच.

दारातून चार डोकी आत वाकलेली. एक आजोबा पिशवी पोटाशी धरून म्हणाले, "बाबा, आज होतंय का बीडला जावं?" काय सांगणार.

तेवढ्यात केंद्रवाला सहज बोलला, "सर, तारीख पण रोज चुकतीय त्याची. लाईट जाऊन आली की कुठलं तरी जुनंच साल दाखवतंय, मग पोर्टल उघडत नाही, असुरक्षित म्हणतंय. रोज सकाळी तारीख टाकायची आणि मग काम."

बोर्डावरचा तारीख-वेळ सांभाळणारा सेल मोजला. २.४ व्होल्ट. तीनचा पाहिजे. तारीख चुकली की ब्राउझरला साइटचं प्रमाणपत्र मुदतीबाहेरचं वाटतं, म्हणून ते असुरक्षित म्हणतं. ते कोडं सुटलं. पण सेलानं डिस्प्ले जातो का? बहुतेक वेळा नाही जात. काही बोर्ड मात्र मेल्या सेलाला असे अडून बसतात की बदलल्याशिवाय जागचे हलत नाहीत, हे मी पाहिलेलं. बॅगेत नवा सेल नव्हता. म्हटलं, डबा दुकानात नेतो, तिथं पडलेल्या बोर्डावर प्रोसेसर पण तपासता येईल.

डबा ओढून काढला, मागच्या वायरी एकेक उपटल्या, पोत्यात गुंडाळून गाडीच्या टाकीवर घेतला. गर्दीतून एकजण म्हणाला, "चालले घिऊन आपला विमा!" सगळे हसले. केंद्रवाला हसला नाही.

दुकानात आल्याआल्या सेल बदलला. पॉवरची वायर, मॉनिटर, कीबोर्ड, बस. बटण दाबलं. एक बारीक बीप आणि लख्ख लोगो. तीनदा बंद करून चालू केलं, तिन्ही वेळा आलं. मी पोराला म्हणालो, "बघ, चाळीस रुपयांचा सेल!" त्यानं कौतुकानं पाहिलं. आता आठवलं तरी लाज वाटते.

परत चौदा किलोमीटर. साडेअकरा झाले होते. डबा कप्प्यात सरकवला, केंद्रवाल्यानं स्वतःच्या हातानं मागच्या वायरी खोचल्या, कुठली कुठं ते त्याला पाठ. मी ऐटीत बटण दाबलं.

पंखा फिरला. सिग्नल नाही.

अशा वेळी खोलीत जी शांतता पसरते तिला या धंद्यात नाव नाही. मी घड्याळ बघितलं, केंद्रवाल्यानं मला बघितलं. दुकानात चालतंय आणि इथं चालत नाही, म्हणजे डब्यात दोष नाहीच. मग काय? इथली वीज? भिंतीच्या सॉकेटवर २२८ व्होल्ट, चांगले. अर्थिंग? न्यूट्रल आणि अर्थमध्ये दीड व्होल्ट, आपल्याकडं एवढं अर्थिंग म्हणजे सोनं. यूपीएस? तो टाळून भिंतीच्या सॉकेटला लावलं. काळंच.

पॉवरची वायर डब्यातून उपटून हातात घेतली आणि पुन्हा टेबलाखाली घुसलो. या गडबडीत कुणाचा तरी धक्का लागून माऊस टेबलावरून घसरला होता आणि वायरीला लोंबकळत माझ्या नाकासमोर हेलकावे घेत होता. पोटाकडचा लाल दिवा पेटलेला. कप्प्यात अंथरलेल्या वर्तमानपत्रावर लाल ठिपका डावीकडं, उजवीकडं.

वायर माझ्या हातात होती.

वीज तोडल्यावरही डब्यात थोडी वीज उरते, दहा-वीस सेकंद. ती संपवायला वायर काढून पॉवरचं बटण दाबून धरायचं असतं. दाबून धरलं. मनात तीस मोजले. ठिपका तसाच. झाकण काढलं, चोवीस पिनांच्या कनेक्टरमध्ये मागून मीटरची सुई घातली. जांभळ्या तारेवर, जिच्यावर एसएमपीएस बंद मशीनला जागं ठेवण्यापुरते पाच व्होल्ट देतो, पावणेचार व्होल्ट. एसएमपीएसला तर वीजच नाही. मग हे पावणेचार आले कुठून?

मागच्या वायरी बोटांनी चाचपत गेलो. प्रिंटरची नाही. वेबकॅमची नाही. एक काळी वायर टेबलाच्या पायाला वळसा घालून मागं गेलेली आणि तिच्या टोकाला सात तोंडांचा यूएसबी हब. हबला स्वतःचा अडॅप्टर, अडॅप्टर भिंतीच्या सॉकेटात, बटण चालू. हबची वायर उपटली. माऊसचा दिवा विझला.

"हे कधी घेतलं?"

"ते होय? शनिवारी. थंबचं मशीन, स्कॅनर, सगळ्याला जागा पुरेना."

"आणि तू म्हणतोस काहीच केलं नाही."

"तेव्हा चालूच होतं की ओ मशीन! हब लावला अन् लगेच चालला. मशीन तर बंदच केलं नाही दोन दिवस. रात्री सर्व्हर जरा पळतंय म्हणून रात्रभर फॉर्म भरत होतो. काल रात्री तीनला बंद केलं, दोन तास झोपलो."

सगळं जागच्या जागी बसलं. नीट बनवलेला हब वीज एकाच दिशेनं जाऊ देतो, अडॅप्टरचे पाच व्होल्ट कॉम्प्युटरकडं उलटे जाऊ देत नाही. स्वस्तातल्या हबमध्ये ती अडवणूकच नसते. लाल तार सरळ लाल तारेला जोडलेली. चालू मशीनला तो लावला तर काही कळत नाही, दोन्हीकडं पाचच व्होल्ट. पण मशीन बंद असताना हबची वीज मागच्या दारानं बोर्डात झिरपत राहते. बोर्डाला सुरू होताना सगळे व्होल्टेज शून्यावरून ठरलेल्या क्रमानं चढायला लागतात. इथं अर्ध्या चिप्स आधीच पेंगत जाग्या. ना धड झोपलेल्या, ना उठलेल्या. पंखा फिरतो, कारण पंख्याला कोण विचारतंय. प्रोसेसर मात्र अडकून बसतो. शनिवारनंतरची पहिली गार सुरुवात म्हणजे सोमवारची सकाळ.

आणि दुकानात मी हब नेलाच नव्हता. दुकानात शिकायला येणाऱ्या पोरांना माझं पहिलं वाक्य असतं, "आधी पाठीमागचं सगळं काढा, मग बघा." त्या दिवशी गर्दी बघून आणि थंबच्या मशीनचं ऐकून मीच ते खाल्लं. पहिल्या पाच मिनिटांत सुटलं असतं ते साडेतीन तास चाललं.

आता हबशिवाय त्याचं काम होईना. थंबचं मशीन पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांना पैसे काढून द्यायला लागतंच. ब्लेड काढलं, हबच्या वायरीचं वरचं काळं साल बोटभर सोललं. आत चार बारीक तारा: लाल, पांढरी, हिरवी, काळी. माहिती पांढऱ्या-हिरव्यातून जाते, काळी परतीची. तिघींना धक्का न लावता लाल तेवढी नखावर उचलली आणि कापली. दोन्ही टोकं वेगवेगळी टेपनं गुंडाळली. आता हब त्याच्या अडॅप्टरवर जगेल आणि कॉम्प्युटरला वीज पाजणार नाही. ब्रँडेड हबला मी हे करणार नाही, आणि घरी करून बघा असंही सांगणार नाही.

सगळं जोडलं. लाल ठिपका नाही, हे आधी वाकून पाहिलं. मग बटण. बीप झाला, लोगो आला, विंडोज आलं. दारातून "आलं, आलं" असा गलका झाला आणि आतल्या आत पुन्हा नंबरावरून भांडण सुरू.

पोर्टल उघडायला घेतलं. पांढरं पान, गोल चक्र. पाच मिनिटं. दहा मिनिटं. सर्व्हर बसला होता. पिशवीवाले आजोबा माझ्याकडं बघून म्हणाले, "अजून बिघडलेलंच हाय की." त्यांना कसं समजावणार की हे बिघडलेलं निराळं. मुदत पुढं ३ ऑगस्टपर्यंत वाढली, पण ते त्या दुपारी कुणालाच माहीत नव्हतं.

निघताना हिशोब झाला. येण्याजाण्याचे धरून चारशे सांगितले. केंद्रवाल्यानं विचारलं, "आणि सेलचे?" मी म्हणालो, "राहू दे, तो माझ्याच चुकीनं बदलला." त्याला एका फॉर्ममागं विमा कंपनीकडून चाळीस मिळायचे आणि माझा सेलही चाळीसचाच. त्यानं स्क्रीनच्या कोपऱ्यात बोट दाखवलं. तिथं ३१ जुलै २०२३ होतं, वेळही बरोबर.

"लाईट दोनदा गेली मघाशी," तो म्हणाला, "अन् तारीख टाकावी लागली नाही. घ्या चाळीस."