चिकटू नये म्हणून मारलेला फवारा

परदेशात आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी तीन वस्तू विकत घेतल्या: उशी, छत्री आणि नॉनस्टिक पॅन. उशी आणि छत्री अजून धडधाकट आहेत. पॅन चार महिन्यांत गेला. निदान तेव्हा तरी मला तो गेला असंच वाटलं.

घर भाड्याचं आणि स्वयंपाकघर आम्हा चौघींत मिळून एक. शेगडीशेजारी एक उंच पत्र्याचा डबा कायम उभा असायचा, स्वयंपाकाच्या तेलाचा फवारा. टोपण काढायचं, पॅनच्या डोक्यावर धरायचा आणि बटण दाबायचं, की फुस्सकन तेलाचं धुकं पसरायचं. बाटली कलंडायची भीती नाही, हात ओशट होत नाहीत, ओट्यावर ओघळ नाही. सकाळी सातच्या घाईत अंडं फोडायच्या आधी एक फुस्स आणि ते उलटायच्या आधी आणखी एक, ही सवय लागायला मला दोन दिवससुद्धा लागले नाहीत.

एकदा व्हिडिओ कॉल चालू असताना आईने ते पाहिलं.

"अगं, पॅनवर डासांचं औषध काय मारतेस?"

"आई, तेल आहे ते."

"तेल असं असतं होय?"

मी हसले आणि विषय बदलला. त्या प्रश्नाचं उत्तर मलाही माहीत नव्हतं, हे कळायला पुढे दोन पॅन खर्ची पडले.

पहिली खूण तळाला नाही, कडेला दिसली. पॅनच्या उभ्या बाजूवर चहाच्या रंगाची एक कडी उमटली. घासून जाईना. मग ती हळूहळू खाली उतरली, बोटाला मेणचट लागू लागली आणि अंड्याची कड तिथे धरून बसायला लागली. चिकटतंय म्हटल्यावर मी काय करावं? फवारा वाढवला. तो वाढवला तसं चिकटणंही वाढलं. शेवटी वैतागून घासणीची हिरवी, खरखरीत बाजू जोर लावून फिरवली. दोन दिवस बरे गेले आणि आठवड्याभरात पॅन पहिल्यापेक्षा वाईट वागू लागला. स्वस्तातला माल असाच असायचा, असं म्हणून सगळं खापर पॅनवर फोडलं आणि दुसरा घेतला, जाड बुडाचा, महागातला. तीन महिन्यांनी त्याच्याही कडेला तीच कडी.

या दुसऱ्या पॅनच्या खोक्यात मी पावत्या साठवत होते. एक जुनी पावती शोधताना तळातून घडी घातलेलं माहितीपत्रक निघालं. 'एरोसोल फवारे वापरू नका' हे ठळक अक्षरांत, आणि वापरल्यास वॉरंटी लागू राहणार नाही हे खाली बारीक अक्षरांत. नॉनस्टिक भांडी बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या ही ताकीद देतात, असं नंतर कळलं. माझ्यासारखी माणसं ती पावत्यांखाली नीट जपून ठेवतात.

मग डबा उलटसुलट करून त्यावरची यादी वाचली. तेल होतंच. सोबत सोया लेसिथिन, फेस होऊ न देणारं डायमिथाइल सिलिकोन, आणि हे सगळं बाहेर ढकलणारा वायू. बऱ्याच डब्यांत हा वायू प्रोपेन किंवा ब्यूटेन असतो, म्हणजे सिलिंडरमधल्या गॅसचेच भाऊबंद. हे वाचल्यावर डबा शेगडीशेजारून त्याच दिवशी उठला. ४९ अंश सेल्सिअसच्या वर तापू देऊ नका, असं अशा डब्यांवर छापलेलं असतं. पेटत्या शेगडीला खेटून उभ्या असलेल्या पत्र्याला तो आकडा काही फार लांब नाही. आणि मी तर कित्येकदा पॅन आचेवर असतानाच फवारत होते.

लेसिथिन हा काही भेसळीचा प्रकार नाही. तेओदोर गोब्ले या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ते अंड्याच्या बलकातून वेगळं केलं, आणि नावही बलकाच्या ग्रीक शब्दावरूनच पडलं. आता ते मुख्यतः सोयाबीनचं तेल शुद्ध करताना मिळतं. त्याच्या रेणूचं एक टोक तेलाशी जमवून घेतं, दुसरं पाण्याशी. त्यामुळे तेल थेंब-थेंब गोळा न होता सलग पसरतं आणि पदार्थ भांड्यापासून सुटतो. केकचं भांडं, ओव्हनचा पत्रा अशा ठिकाणी ही करामत खरंच कामाची आहे. फक्त लेसिथिन शुद्ध तेलाच्या मानाने लवकर तपकिरी होतं आणि करपलं की घट्ट बसतं.

तरी खरी गोम थराच्या जाडीत आहे. चमचाभर तेल ओतलं तर ते तळाला राहतं, पदार्थाखाली जातं, थोडं पदार्थाबरोबर पोटात जातं आणि उरलेलं धुऊन निघतं. फवाऱ्याचं धुकं मात्र पदार्थ कधी पोचणारच नाही अशा कडेवरही जाऊन बसतं. अतिशय पातळ थर, वरून मोकळी हवा, खालून आच. अशा थरातले तेलाचे रेणू हवेतल्या ऑक्सिजनच्या साथीने एकमेकांत गुंफले जातात आणि तेलाचं तेलपण संपून त्याचा कडक, चिकट पापुद्रा होतो. जवसाच्या तेलात कालवलेला ऑइल पेंट वाळतो तो याच रीतीने. थोडक्यात, मी रोज सकाळी माझ्या पॅनला व्हार्निशचा एक हात देत होते. वर साबणाने धुऊनही हा पापुद्रा जात नाही, कारण साबण तेल काढतो आणि हे आता तेल राहिलेलंच नसतं.

गंमत म्हणजे बिडाच्या तव्यावर लोक हेच मुद्दाम करतात. तेलाचा पातळ हात फिरवायचा, चांगला तापवायचा, पुन्हा हात, पुन्हा ताप. तो काळा तुळतुळीत थर म्हणजे हाच पापुद्रा, आणि त्यामुळेच बिडाचा तवा वापरून वापरून चांगला होत जातो. तिथे थर जोरदार तापून कडक होतो. नॉनस्टिकच्या कडेवर आच बेताची असते, त्यामुळे तो अर्धाकच्चा, मेणचट राहतो, आणि ज्या पृष्ठभागाचा सगळा गुण त्याच्या गुळगुळीतपणात आहे, तोच नेमका झाकतो.

डब्यावर आणखी एक गोष्ट मोठ्या अक्षरांत असते: शून्य कॅलरी. मी राहते त्या अमेरिकेत हे कायदेशीर आहे. यादीत एका वेळचं प्रमाण दिलेलं असतं पाव सेकंदाचा फवारा, म्हणजे साधारण पाव ग्रॅम तेल. एका वेळच्या प्रमाणात ५ पेक्षा कमी कॅलरी असतील तर शून्य छापायला परवानगी आहे, आणि स्निग्धांश अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तोही शून्य. तेलाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी. आता पाव सेकंदात बटण दाबून सोडून दाखवा बघू! माझं बोट आरामात दोन सेकंद तरी बसायचं, आणि तेही दोनदा. म्हणजे मी छोटा चमचाभर तेलच वापरत होते, फक्त त्यातलं बरंचसं कडेला आणि थोडं टाइल्सवर.

मग ज्या थरासाठी एवढं करायचं तो आहे तरी काय, हे वाचत बसले. ६ एप्रिल १९३८ला ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट हा रसायनशास्त्रज्ञ शीतयंत्रांसाठी नव्या वायूच्या शोधात होता. एका नळकांड्यातून वायू येईना, पण वजन करावं तर ते भरलेलं. करवतीने कापलं तर आत पांढरी, निसरडी भुकटी. हेच पीटीएफई, म्हणजे पुढे टेफ्लॉन. भिंतीवर, काचेवर, छतावर सरसर चालणारी पाल कोरड्या टेफ्लॉनवर मात्र घसरते, यावरून काय ते समजा. मग जे कशालाच चिकटत नाही ते पॅनला कसं चिकटवलं? मार्क ग्रेगोआर नावाच्या फ्रेंच अभियंत्याने मासेमारीच्या सामानासाठी ही युक्ती काढली होती: अॅल्युमिनियमचा पृष्ठभाग आम्लाने बारीक खरबरीत करायचा आणि त्या खाचांत टेफ्लॉन बसवायचं. त्याची बायको कोलेत म्हणाली, गळांना काय लावतोस, माझ्या भांड्यांना लाव. १९५६मध्ये त्यांची टेफाल कंपनी निघाली, टेफ्लॉनमधला 'टेफ' आणि अॅल्युमिनियममधला 'अल'. नॉनस्टिक म्हणजे चंद्रमोहिमेची देणगी, ही लहानपणापासून ऐकलेली गोष्ट इथेच निकालात निघाली. नासाची स्थापनाच १९५८ची.

आजच्या पॅनांत पद्धती सुधारल्या आहेत, पण थर खरबरीत धातूला धरून बसलेला असतो हे तसंच आहे. म्हणून तापलेला पॅन चर्र करत नळाखाली धरायचा नाही. धातू एकदम आकसतो, बूड वाकतं आणि थराची पकड सैल होत जाते. मी हे रोज करत होते, त्या आवाजात मजा वाटायची. धातूचा कालथा, काटा, पॅनमध्येच सुरीने कापणं, एकावर एक पॅन नुसते रचणं, हे सगळं याच पकडीवर येतं. मध्ये जुन्या टी-शर्टचा तुकडा घातला तरी पुरतं. डिशवॉशरमध्ये चालेल असं काही पॅनवर लिहिलेलं असतं, पण तिथल्या साबणाचा क्षार कडक असतो. हाताने धुवायला अर्धा मिनिट लागतो.

आचेचं मात्र गांभीर्याने घ्या. पीटीएफई २६० अंशांपर्यंत निवांत असतं, त्याच्या वर बिघडायला लागतं आणि ३५०च्या पुढे झपाट्याने. तेव्हा निघणाऱ्या धुराने माणसाला फ्लूसारखा ताप येऊ शकतो, आणि घरात पिंजऱ्यातला पक्षी असेल तर त्याचा जीवही जाऊ शकतो. रिकामा पॅन मोठ्या आचेवर ठेवून फोन बघत बसलं तर हा आकडा काही मिनिटांत गाठला जातो. मी आता थर्मामीटर म्हणून बोटाच्या पेराएवढं लोणी टाकते. ते फसफसून शांत झालं की पॅन तयार, तपकिरी होऊ लागलं की आच जास्त. लोणी दीडशे अंशांच्या आसपासच करपू लागतं, म्हणजे थराला धोका पोचण्याच्या कितीतरी आधी ते बोंब मारतं.

"पण त्याने कॅन्सर होतो ना?" हा प्रश्न नातेवाइकांच्या ग्रुपवर दर दोन महिन्यांनी येतो. ज्याबद्दल बोललं जातं ते पीएफओए, थर तयार करताना वापरात असलेलं एक मदतनीस रसायन. २०२३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला कर्करोगकारक ठरवलं. अमेरिकेत आठ मोठ्या कंपन्यांनी २००६मध्ये पर्यावरण संस्थेच्या कार्यक्रमात सामील होऊन २०१५पर्यंत ते बंद करण्याचं मान्य केलं होतं. खुद्द पीटीएफईचा कपचा पोटात गेला तर तो न विरघळता तसाच बाहेर पडतो. तरी या साऱ्या रसायनकुळाबद्दलचा संशय गेलेला नाही, आणि मिनेसोटा राज्याने १ जानेवारी २०२५पासून असा थर असलेल्या भांड्यांची विक्रीच बंद केली. माझं मत विचाराल तर थर सोलला गेला, की पॅनशी भावनिक नातं ठेवू नये.

सिरॅमिक थराचे पॅन हा पर्याय आहे, एका रूममेटकडे आहे. फवाऱ्याने त्याचीही हीच गत होते.

आता मी अर्धा चमचा तेल थंड पॅनमध्ये घालते आणि कागदाच्या बोळ्याने फक्त तळाला फिरवते. फवाराच हवा असेल तर हाताने पंप करायची साधी बाटली मिळते, आपलंच तेल भरायचं. तिच्यात ना लेसिथिन ना वायू, पण कडेला उडवलं तर कडी तिचीही पडेल. पत्र्याचा डबा आमच्याकडे अजून आहे, ओव्हनच्या ट्रेसाठी, आणि राहतो खिडकीजवळच्या फडताळात.

दुसरा पॅन वेळेत वाचला. पाणी आणि दोन चमचे खाण्याचा सोडा घालून दहा मिनिटं उकळलं, निवू दिलं, मग सोड्याची ओलसर पेस्ट कडेला लावून अर्धा तास ठेवली आणि मऊ फडक्याने गोल-गोल चोळलं. पहिल्या खेपेला फडका पिवळा झाला, दुसऱ्या खेपेला पॅन पुन्हा काळा दिसू लागला.

मग पहिल्या पॅनची आठवण झाली. तो मी आळसापोटी टाकला नव्हता, सिंकखालच्या कपाटात पडून होता. त्याला तीन खेपा लागल्या. कडी पूर्ण गेली आणि तिच्याखालून हिरव्या घासणीचे ओरखडे उघडे पडले, उजव्या बाजूला, नाण्याएवढ्या जागेत. थर सोललेला नाही, पण अंडं तिथे अजून धरतं. मी ते डाव्या बाजूला फोडते.