अर्ध्या जिभेची बाराखडी

जिल्हा परिषदेच्या शाळांत तीसेक वर्षं मराठी शिकवून मी मे २०२१ मध्ये निवृत्त झाले. आमचं गाव परांडा तालुक्यात, पण बाजारहाट आणि दवाखाना बार्शीचा. निवृत्तीनंतरचे दोन बेत आधीच ठरले होते. एक, रोज संध्याकाळी गावातल्या मुलांसाठी वाचनाचा तास. दुसरा, देवळात ज्ञानेश्वरीचं पारायण आणि व्यासपीठावर मी. माझा आवाज खणखणीत आहे, असं सगळे म्हणायचे आणि मलाही ते पटलेलं होतं.

पुढच्याच वर्षी जिभेच्या डाव्या कडेला जखम झाली. त्या बाजूची दाढ तुटून तिला धार आली होती. तालुक्याला दातांचा दवाखाना चालवणारा डॉक्टर माझाच विद्यार्थी. त्यानं दाढ घासून गुळगुळीत केली, लावायला मलम दिलं आणि म्हणाला, "बाई, पंधरा दिवसांत भरली पाहिजे. नाही भरली तर माझ्याकडे येऊ नका, थेट बार्शीला जा." नाही भरली. सोळाव्या दिवशी आम्ही एसटीत बसलो.

बार्शीत नर्गिस दत्त यांच्या नावाचं कॅन्सर रुग्णालय आहे, ते आमच्या भागात सगळ्यांना माहीत. तिथे १९८७ पासून खेड्यांतल्या कॅन्सर रुग्णांची नोंद ठेवतात. ग्रामीण भागासाठीची देशातली ही पहिलीच नोंदणी. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या गावांत तिची माणसं फिरतात. मी नोकरीत असताना ती आमच्याकडेही यायची. तोंडात न भरणारी जखम, छातीतली गाठ, पाळी गेल्यावर अंगावरून जाणं, यातलं काही असेल तर दाखवा, असं सांगायची. त्या सभेसाठी खुर्च्या आमच्या शाळेतून जायच्या. आता त्या नोंदवहीत एक ओळ माझी आहे.

जखमेचा तुकडा तपासायला गेला आणि अहवाल आला, जिभेचा कॅन्सर. त्याहून त्रासदायक होतं गावातलं एकच वाक्य: "बाई मिश्री लावत होत्या होय?" नव्हते. तंबाखू, सुपारी, काहीच नाही. धारदार दातामुळे झालं का, हे डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "तोंडाचा कॅन्सर बहुतेकांना तंबाखूनं होतो, पण सगळ्यांना नाही. तुमच्या बाबतीत कारण हेच, असं बोट ठेवून सांगता येणार नाही." मला हे उत्तर आवडलं. गावाला आवडलं नाही. राज्यात गुटखाबंदी २०१२ ला झाली, शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायची नाही असा कायदा त्याच्याही आधीचा, आणि आमच्या शाळेच्या कुंपणाला अडकलेल्या पुड्या मी निवृत्तीच्या आठवड्यातही वेचल्या होत्या. विचारायचं तर त्याबद्दल विचारावं.

शस्त्रक्रियेसाठी परळला टाटा रुग्णालयात जायचं ठरलं. आमचे हे एसटीत वाहक होते, त्यामुळे सवलतींचे नियम शोधण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री एसीत तिकीट माफ, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सूट. त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो. तो फॉर्म त्यांनी पहिल्याच खेपेला भरून घेतला. कुर्डुवाडीहून रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस, सकाळी दादर. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा. तिथे कोणी कुणाला "काय झालंय?" असं विचारत नाही. "कुठल्या भागाचं?" एवढंच विचारतात.

सर्जननं कागदावर जीभ काढून मधोमध रेघ मारली. डावा भाग जाणार. त्या जागी डाव्या मनगटाजवळची कातडी रक्तवाहिनीसकट काढून शिवणार, ती वाहिनी मानेतल्या वाहिनीला जोडणार, आणि हाताची उघडी जागा मांडीची कातडी लावून झाकणार. इथपर्यंत समजलं. मग म्हणाले, मानेतल्या गाठीही काढू, म्हणजे जिभेचा रोग जिथे पसरू शकतो त्या ग्रंथी. मी म्हटलं, तपासणीत तर मानेत काही दिसलं नाही. त्यांनी सांगितलं की हाच प्रश्न घेऊन टाटामध्येच मोठा अभ्यास झाला, तो २०१५ मध्ये छापून आला. हाताला गाठ लागत नसतानाही ज्यांच्या मानेचं ऑपरेशन सुरुवातीलाच केलं, त्यांतले ८० टक्के लोक तीन वर्षांनी जिवंत होते. गाठ दिसेपर्यंत ज्यांची वाट पाहिली, त्यांच्यात हा आकडा ६७.५ टक्के होता. आकडा दाखवला की शिक्षक लवकर ऐकतो. मी सही केली. नंतरच्या अहवालात मानेतल्या एका गाठीत रोग सापडला. बाहेरून ती कुणालाच लागलेली नव्हती.

ऑपरेशननंतरचे पहिले दिवस मी थोडक्यात उरकते. गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी, नाकातून अन्नाची नळी, आणि रात्रभर दर तासाला तोंडात टॉर्च मारून नव्या तुकड्याचा रंग बघणारी सिस्टर. बोलणं बंद, म्हणून वहीत लिहायचे. यांचं उत्तरही वहीतच लिहून यायचं. मला ऐकू येतं, हे त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला.

गाठीत रोग निघाल्यामुळे रेडिएशन घ्यावं लागलं. साधारण ६० ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनचं माप), ३० भागांत, आठवड्याचे पाच दिवस. त्याआधी दातांच्या विभागात पाठवतात, आणि ही पायरी कुणी टाळू नये. खराब दात आधीच काढून टाकतात, कारण रेडिएशन झालेल्या जबड्यातला दात नंतर काढला तर हाड भरून न येण्याचा धोका असतो. माझ्या तीन दाढा गेल्या. मग चेहऱ्यावर गरम प्लास्टिकची जाळी दाबून मुखवटा करतात, तो टेबलाला खिळवतात आणि रोज त्याच्याखाली निजायचं. यंत्राखाली असताना काही दुखत नाही. दुखतं ते तिसऱ्या आठवड्यापासून. तोंड आतून सोलून निघाल्यासारखं होतं, लाळ चिकट होते, मग आटते. मीठ-सोड्याच्या गुळण्या, दुखणं बधिर करणारं औषध आणि त्यावर गाळलेली नाचणीची पेज. चव पूर्ण गेली. चहा पितेय की डाळीचं पाणी, हे कपातलं बघून कळायचं.

तोंड उघडण्याचा व्यायाम मात्र फार कमी लोक मन लावून करतात, हे मी तिथे पाहिलं. रेडिएशननं जबडा आखडत जातो. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या आणि हळूहळू एकेक वाढवायची. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या मावशी म्हणायच्या, "आता गिळायलाच येईना, तोंड उघडून काय करू?" त्यांना मी हातवाऱ्यांनी रोज काड्या मोजायला लावायचे. शिक्षकी खोड.

नळ्या निघाल्या, जखमा भरल्या, आणि मग खरी पंचाईत कळली. हातावरून आणलेला तुकडा जिभेची जागा भरतो, पण हलत नाही. त्याला चव नाही, अंदाज नाही. अन्न फिरवायचं, गिळायचं, बोलायचं, सगळं उरलेल्या अर्ध्या जिभेनं. पहिलं पूर्ण वाक्य मी यांना म्हणाले, "डाळ ताटात वाढा." ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि मग पाणी घेऊन आले.

आता गंमत अशी की पाचवी-सहावीला वर्णांची उच्चारस्थानं मी हयातभर शिकवली. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. मुलं कंटाळायची, परीक्षेला दोन गुणांचा प्रश्न यायचा. स्पीच थेरपिस्टनं पहिल्या दिवशी आरसा समोर धरला तेव्हा लक्षात आलं की माझं तोंड त्या तक्त्याप्रमाणेच मोडलं आहे. प, फ, ब, भ, म शाबूत, ते ओठांचे. क, ग बऱ्यापैकी, कारण जिभेचं मूळ राखलं होतं. च, ज ओले. त, द, न अडखळत. आणि ट, ठ, ड, ढ, ण, ळ पार गेलेले. या वर्णांना जीभ मागे वळवून टाळूला लावावी लागते, आणि माझी वळत नव्हती. र तर बोलूच नका. मराठी बोलायला बसलं की दर दुसऱ्या शब्दात यातला एक तरी अडवतो.

ती थेरपिस्ट पोरगी वयानं माझ्या सुनेएवढी. म्हणाली, "काकू, आधीसारखा ट येणार नाही. ऐकणाऱ्याला ट वाटेल असा आवाज काढायला शिकू." माझ्यासारख्या शुद्ध उच्चाराच्या आग्रही बाईला हे पचायला जड गेलं. पण ती बरोबर होती. खालचा ओठ वरच्या दातांना लावून त, द च्या जवळचं काहीतरी निघतं. ट साठी जिभेची उजवी कड टाळूला टेकवून हवा सोडायची. वाक्य लांब करायचं नाही. वेग निम्मा. समोरच्यानं विचारलं तर तेच शब्द पुन्हा म्हणण्यापेक्षा वाक्य बदलायचं: "डाळ" कळलं नाही, तर "आमटी" म्हणायचं.

घरी सरावाला मी आमच्याकडचेच शब्द घेतले. गूळ, बाभूळ, तांदूळ, कडबा, माळ, ओढा, टाकळा. मग "चटईला टाचणी टोचली". सगळ्यात शेवटी "काळे राळे गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले". लहानपणी आमच्या शेतात राळं असायचं. आता ते दुकानात महाग पाकिटात मिळतं आणि माझ्या तोंडातून निघता निघत नाही. पहाटे मी माडीवर बसून हे म्हणायचे. खाली ये-जा करणाऱ्यांना वाटे, बाई जपाला लागल्या.

पुढच्या तपासणीला ती वही थेरपिस्टला दाखवली. शब्द मी सोप्याकडून अवघडाकडे लावले होते: आधी ओठांचे, मग कंठाचे, मग दातांचे, शेवटी मूर्धन्य. त्यातही वर्ण शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी असे तीन रकाने. पाठ तयार करायची सवयच ती. तिनं झेरॉक्स मागितली आणि म्हणाली, "माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना वाचता येत नाही, त्यांना हे कसं देऊ?"

माझ्या सध्याच्या कामाची सुरुवात इथून झाली. पारायणाचं व्यासपीठ मी सोडलं. ते आता आमच्या शाळेतली एक तरुण शिक्षिका सांभाळते, आणि तिची संथा मी समोर बसून ऐकते. चूक झाली की बोट वर करते, एवढा अधिकार ठेवला आहे. मुलांचा वाचनाचा तास चालू आहे, पण उलटा झालाय. ती वाचतात, मी ऐकते. आधी मी वाचायचे आणि ती जांभया द्यायची, त्यापेक्षा हे बरं चाललंय. माझं बोलणं कळावं म्हणून ती गप्प बसतात, हा फायदा नोकरीत कधी मिळाला नव्हता.

उरलेला वेळ शब्दांच्या यादीला. मोबाइलवर ती आवाजात भरायची आहे, म्हणजे निरक्षर माणसालाही ऐकून सराव करता येईल. शब्द सोलापूर-धाराशिवकडचे वेगळे, कोकणातले वेगळे, म्हणून ओळखीच्या निवृत्त शिक्षकांना आपापल्या भागातले शब्द पाठवायला सांगितलंय. एकानं पाठवलेले निम्मे शब्द संस्कृत होते, ते परत केले. "ज्याच्या घशाखाली पेज उतरत नाही त्याला 'मृणालिनी' कशाला?" असं कळवलं.

तब्येतीचं सांगायचं तर पहिली दोन वर्षं दर दोन-तीन महिन्यांनी तपासणी होती. रोग उलटायचा तर बहुतेक वेळा याच काळात उलटतो. आता अंतर वाढलंय. मानेला रेडिएशन झाल्यामुळे थायरॉइड मंदावू शकतं, म्हणून ते रक्त अधूनमधून तपासायचं. माझं मंदावलंच, सकाळी उपाशीपोटी गोळी चालू आहे. डावा खांदा वर जात नाही, फळ्याच्या वरच्या ओळी आता मुलंच लिहितात. लाळ कमी, त्यामुळे पाण्याची बाटली सतत सोबत. भाकरी आमटीत कुस्करूनच. चव बरीचशी परतली, पण शेंगदाण्याची चटणी अजून जिभेला लागली की आग होते, आणि बार्शी-सोलापूरकडच्या माणसाला यापेक्षा मोठी शिक्षा नाही. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, त्यामुळे बार्शीच्या खेपा स्वस्त झाल्या. याचं कौतुक माझ्यापेक्षा यांना जास्त.

रेकॉर्डिंगवरून सध्या थेरपिस्टचं आणि माझं जुंपलंय. आवाज द्यायला माझी एक जुनी विद्यार्थिनी तयार आहे. ती आशा कार्यकर्ती आहे, उच्चार स्वच्छ. थेरपिस्टचं म्हणणं, नमुना स्वच्छच हवा, रुग्णानं चुकीचं ऐकून चुकीचं गिरवू नये. माझं म्हणणं, अर्धी जीभ गेलेल्या माणसाला फक्त स्वच्छ "गूळ" ऐकवला तर तो चार दिवसांत फोन बाजूला ठेवील. त्याच्यासारख्याच तोंडातून निघालेला, जरा बोबडा पण कळणारा "गूळ" त्यानं ऐकला पाहिजे. शेवटी प्रत्येक शब्द दोनदा भरायचा ठरलं: आधी तिचा, मग माझा. ओठांचे आणि कंठाचे शब्द भरून झालेत. दातांचे चालू आहेत. मूर्धन्यांना दिवाळीनंतर हात घालू, तोवर माझा ण जरा सुधारेल असं थेरपिस्ट म्हणते.