तुम्ही विचारलंत म्हणून: मामाचं माझ्या पोराला येईल का?

लग्न ठरताना हा प्रश्न पहिल्यांदा आला, मग बाळंतपणात, आणि आता पोरगा सोळाचा झालाय तर दर दोन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. "तुझ्या मामाला स्किझोफ्रेनिया आहे ना गं, मग याची टेस्ट वगैरे केलीस का?" (स्किझोफ्रेनिया म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, भलतेच संशय येणं असा मेंदूचा आजार.) म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

टेस्ट केली नाही, कारण करावी अशी टेस्टच नाहीये. एकच जीन बिघडलं की आजार झाला असं यात नसतं. 2022 साली आलेल्या मोठ्या अभ्यासात या आजाराशी संबंध असलेल्या 287 जागा आपल्या डीएनएत सापडल्या, एकेकीचा वाटा अगदी चिमूटभर. सगळ्यांची बेरीज करून स्कोअर काढतात, पण तो हजारो माणसांच्या गटांची तुलना करायला ठीक, माझ्या एकट्या पोराचं भविष्य त्यात दिसत नाही. साधा हिशोब असा की कुणालाही हा आजार होण्याची शक्यता शंभरात साधारण एक, सख्ख्या भावंडाला नऊ-दहा, भाच्यांना तीन-चार, आणि माझ्या पोरापर्यंत येईतो दोनच्या आसपास. अगदी हुबेहूब जुळ्यांतसुद्धा एकाला असला तरी निदान निम्म्या वेळा दुसऱ्याला होत नाही. हे मी आजीला सांगितलं होतं, कारण ती शेवटपर्यंत म्हणायची, माझ्याच रक्तात खोट. ऐकलं, आणि परत शेंगा सोलत बसली.

आता हे नेमकं कॉलेजच्याच वयात का उपटतं? माझं आजोळ तासगावकडचं, द्राक्षबागेतलं, त्यामुळे मला ते छाटणीवरूनच कळलं. लहानपणी मेंदूत पेशी-पेशींमधल्या जोडण्यांचं रान माजलेलं असतं आणि वयात येताना बिनकामाच्या जोडण्या छाटल्या जातात. वरचा थर, कॉर्टेक्स म्हणतात तो, त्या वयात सगळ्यांचाच थोडा पातळ होत जातो, मागून पुढे असं, आणि कपाळामागचा विचार-नियोजनाचा भाग सगळ्यात शेवटी, पार विशी ओलांडेपर्यंत. ज्यांना आजार होतो त्यांच्यात सरासरीनं ही छाटणी जरा जास्तच होत असावी, असा अंदाज 1982 पासून मांडला जातोय. 2016 मध्ये बोस्टनच्या संशोधकांना सी-फोर नावाचं जीन सापडलं, त्याचं प्रोटीन मेंदूतल्या सफाई करणाऱ्या पेशींनी कुठली जोडणी खायची त्यावर खूण करतं, आणि त्याचा एक प्रकार जास्त काम करत असेल तर धोका वाढतो. पण किती? शंभरात एकाचा सव्वा, बस्स. (एमआरआय काढून कळेल का, हेही विचारतात. नाही. एकेकट्या माणसाच्या फोटोत ते ओळखू येत नाही.)

मामा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता, 1991. आधी झोप गेली, मग मित्र सुटले, मग रेडिओवरचा माणूस आपल्याबद्दल बोलतोय म्हणून त्यानं रेडिओ गोधडीत गुंडाळून कणगीमागे ठेवला. मी आठ वर्षांची, मला तो खेळच वाटला. घरच्यांनी दोन वर्षं देवऋषी, अंगारे-धुपारे केले, आणि माझा राग आहे तो त्या दोन वर्षांवर, जीन्सवर नाही.

म्हणून पोराच्या बाबतीत मी टेस्टच्या मागे न लागता दोनच गोष्टी करते. गांजाबद्दल त्याला सरळ सांगून ठेवलंय, की मित्रांनी ओढला तरी तू नाही, कारण घरात हा आजार असताना कोवळ्या वयात तो ओढणं म्हणजे विषाची परीक्षा. आणि नजर ठेवते. दुपारी बारापर्यंत लोळणं, दार आपटणं, हे सोळाव्या वर्षाचंच. पण आठवडेच्या आठवडे झोप उडाली, अभ्यास एकदम ढासळला, लोक आपल्यावर पाळत ठेवतात असं म्हणायला लागला, तर त्याच आठवड्यात सायकिअ‍ॅट्रिस्ट, कुणाला विचारत बसणार नाही.

मामा आता त्रेपन्नचा आहे, गोळ्या चालू आहेत, ऑक्टोबर छाटणीला बागेत असतो. गेल्या वर्षी पोरगा पण गेला होता मदतीला. त्यानं कोंब फुटायचे डोळे न मोजताच घाईनं काडी फारच आखूड कापली, तर मामानं हातातली कात्री काढून घेतली, म्हणाला, "आधी डोळं मोज की लेका," आणि मग दोघं मोजत बसले.