चित्रं हजारांनी पाहिली, साइटवर मात्र कोणी येईना

हाताने वह्या बांधायला शिकवणारी माझी एक छोटी साइट आहे. फर्मे (एकत्र दुमडलेल्या कागदांचे गठ्ठे) कसे दुमडायचे, टोच्याने भोकं कुठे पाडायची, दोरा किती लांब घ्यायचा, कणा (वहीची शिवलेली कड) उघडा ठेवायचा की त्यावर कापड चढवायचं, हे सगळं तिथे बारकाईने लिहिलेलं आहे. एकेक लेख लिहायला मला आठवडा लागायचा आणि वाचायला दिवसाकाठी आठ-दहा जण यायचे. हे काम पाहून शिकायचं, म्हणून फोटोही भरपूर काढले होते. पण ते साइटच्या आतच पडून होते. ज्याला साइटच ठाऊक नाही, त्याला ते दिसणार कुठून? म्हणून फोटोंनाच बाहेर पाठवायचं ठरवलं.

सुरुवात फ्लिकरपासून केली. 2004 पासूनची जागा, तिथे छायाचित्रकारांचा राबता मोठा. मी साठेक फोटो चढवले. दोऱ्यावर पडलेल्या उजेडाचं कौतुक झालं, कॅमेऱ्याची चौकशी झाली, पण साइटवर जवळजवळ कोणी आलं नाही. त्यात आश्चर्य नव्हतं. तिथे येणारा माणूस फोटो पाहायला येतो, वही शिवायला नाही. एक फायदा मात्र झाला. काही फोटोंना मी क्रिएटिव्ह कॉमन्सचा श्रेय देऊन वापरण्याचा परवाना लावला होता. पुढे कुणीकुणी ते आपल्या लेखांत वापरले आणि खाली माझ्या साइटचा दुवा दिला. त्या वाटेने येणारे थोडे असायचे, पण लेख शेवटपर्यंत वाचायचे.

इन्स्टाग्रामवर माणसं भेटली, प्रश्न आले, ओळखी झाल्या. पण तिथे फोटोखालच्या मजकुरात पत्ता लिहिला तरी त्यावर टिचकी मारून जाता येत नाही. प्रोफाइलवर जायचं, तिथला दुवा उघडायचा, मग हवा तो धडा शोधायचा. प्रत्येक पायरीवर माणसं गळतात. स्टोरीला दुवा चिकटवण्याची सोय 2021 पासून सगळ्यांना मिळाली खरी, पण स्टोरी 24 तासांत दिसेनाशी होते.

चित्रं शोधून आपल्या बोर्डावर जमवून ठेवायची जागा म्हणजे पिंटरेस्ट. त्याची गोष्ट वेगळी. तिथे प्रत्येक चित्र आपला दुवा सोबत घेऊनच फिरतं. कुणी ते आपल्या बोर्डावर जतन केलं तरी दुवा सुटत नाही. म्हणून तिथेच ठाण मांडायचं ठरवलं. व्यवसायाचं खातं फुकट मिळतं आणि त्यात आकडे दिसतात. साइट आपलीच आहे हे सिद्ध करायला त्यांनी दिलेली एक ओळ पानाच्या कोडमधल्या ‘हेड’ भागात, म्हणजे वाचकाला न दिसणाऱ्या वरच्या भागात, टाकावी लागते. मी ती चुकून ‘बॉडी’त टाकली आणि दोन दिवस पडताळणी का होत नाही म्हणून डोकं धरून बसले. ते जमल्यावर पानांच्या कोडमध्ये ओपन ग्राफचे टॅग (पानाची माहिती दुसऱ्या साइटना सांगणाऱ्या खुणा) लावले, म्हणजे लेखाचं नाव आणि वर्णन चित्राखाली आपोआप येतं.

पुढचे दोन महिने मी फार मेहनत घेतली. उभी चित्रं केली, 1000 बाय 1500 पिक्सेलची, कारण तिथे दोनास तीन हे प्रमाण नीट दिसतं. कॉप्टिक शिवणीच्या (उघड्या कण्यावर साखळीसारखी दिसणारी शिवण) नऊच्या नऊ पायऱ्या एकाच चित्रात रेखाटल्या, बाण दाखवले, आकडे घातले. पाहणाऱ्यांचा आकडा हजारांवर गेला. शेकडो लोकांनी चित्र जतन केलं. रोज सकाळी मी तो आकडा पाहायचे आणि हुरूप यायचा. मग एकदा साइटचे आकडे उघडले, तर तिथे तेच आठ-दहा जण.

तेव्हा कुठे मी पिंटरेस्टच्या आकड्यांच्या तक्त्यातले रकाने नीट वाचले. चित्र डोळ्यांसमोरून गेलं, हा एक आकडा. कुणी जतन केलं, हा दुसरा. चित्रावर टिचकी मारून ते मोठं करून पाहिलं, हा तिसरा. आणि बाहेर पडून साइटवर गेलं, हा चौथा. मी पहिल्या दोन आकड्यांवर खूश होते आणि मला हवा होता चौथा. तो वाढत नव्हता याचं कारण माझ्या चित्रातच होतं. नऊही पायऱ्या तिथेच मिळाल्यावर माणसाने साइटवर यावं कशाला? त्याचं काम झालं होतं. त्यात त्याची काहीच चूक नव्हती.

मग चित्रं बदलली. आता एका चित्रात एकच अवघड जागा घेते. तिसऱ्या फर्म्यापासून सुई मागच्या टाक्याखालून न्यावी लागते, तेवढ्याचाच जवळून फोटो आणि खाली ‘तिसऱ्या फर्म्यापासून टाका कुठे अडकवायचा?’ बाकीची शिवण पानावर. यात लपवाछपवी नको, हे मला लवकरच कळलं. एकदा चामड्याच्या वहीचा देखणा फोटो लावून दुवा मात्र साध्या वहीच्या धड्याचा दिला. लोक आले आणि काही सेकंदांत परत गेले. त्यांना फसवल्यासारखं वाटलं असणार, आणि तसं वाटणं रास्तच होतं. तेव्हापासून चित्रात जे दाखवलं, तेच चित्र पानाच्या अगदी वर ठेवते आणि त्याचं उत्तर लगेच खाली.

कोणतं चित्र माणसं आणतं हे कळावं म्हणून प्रत्येक दुव्याला यूटीएमची शेपटी (माणूस कुठून आला हे साइटच्या आकड्यांत दाखवणारी खूण) जोडली आणि तीत चित्राचं नाव घातलं. दुवे लांबलचक दिसतात म्हणून आधी ते आखूड करणारी सेवा वापरून पाहिली होती, पण असे दुवे संशयास्पद ठरून अडवले जातात. सरळ पूर्ण पत्ताच बरा. महिनाभराने पाहिलं तर सगळ्यांत जास्त लोक आणणारं चित्र माझं सगळ्यांत कमी देखणं चित्र निघालं: बिघडलेली, तिरकी झालेली वही आणि वर ‘कणा वाकडा का होतो?’ सुंदर वही पाहून माणूस ती जतन करतो आणि पुढे सरकतो. स्वतःची वही हातात वाकडी झालेला माणूस मात्र थांबतो, कारण त्याला उत्तर आत्ताच हवं असतं. या एका गोष्टीने माझं सगळं काम बदललं. आता एखादा प्रयोग फसला की मी तो आधी टिपून ठेवते.

शब्दही बदलावे लागले. पूर्वी मी चित्राखाली ‘निवांत दुपार, दोरा आणि मी’ असं लिहायचे. हे शब्द टाकून कुणी शोधत नाही. पिंटरेस्टवर गप्पांपेक्षा शोध जास्त चालतो. म्हणून ‘जाड कागदाची वही कशी शिवायची’ असं, माणूस शोधताना जे लिहील तेच शीर्षकात. साइटवरच्या फोटोंनाही कॅमेऱ्याने दिलेले आकडे काढून नीट नावं दिली आणि प्रत्येकाला ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे चित्रात काय आहे ते सांगणारं वर्णन, लिहिलं. ते आधी अंध वाचकांसाठी, मग शोधयंत्रासाठी. फेब्रुवारी 2018 मध्ये गूगलने चित्रशोधातलं ‘चित्र पाहा’ हे बटण काढलं आणि पानावर नेणारं बटण ठेवलं, तेव्हापासून ही वाटही दुर्लक्ष करण्याजोगी राहिलेली नाही.

एक सांगायला हवं: चित्रांसोबतच्या या दुव्यांवर बहुधा ‘नोफॉलो’ ही ‘हा दुवा मोजू नका’ असं शोधयंत्राला सांगणारी खूण असते, म्हणजे शोधयंत्रात वर चढायला त्यांचा थेट उपयोग धरू नये. उपयोग येणाऱ्या माणसांचा. आणि ती बहुतेक फोनवरून येतात. माझ्या पानांवर चार-चार एमबीचे फोटो होते, पान उघडेपर्यंत माणूस निघून जायचा. सगळे फोटो लहान करून वेबपी या कमी जागा घेणाऱ्या प्रकारात बदलले, तेव्हा थांबणारे वाढले.

मधे एक वाईट अनुभवही आला. माझेच फोटो दुसऱ्या कुणीतरी चढवले होते आणि दुवा भलत्याच साइटचा लावला होता. उलट चित्रशोध करताना, म्हणजे फोटो देऊन तो आणखी कुठे आहे ते शोधताना, ते सापडलं. स्वामित्वहक्काच्या तक्रारीचा अर्ज भरला, मूळ पानांचे पत्ते दिले आणि ती चित्रं उतरवली गेली. तेव्हापासून फोटोच्या खालच्या कडेला साइटचं नाव बारीक अक्षरांत लिहिते. मधोमध नाही, कारण टाका दिसला पाहिजे.

वाढ सावकाश झाली. पण इथे चित्र दुसऱ्या दिवशी शिळं होत नाही. मागच्या वर्षी लावलेलं वाकड्या कण्याचं चित्र अजून रोज माणसं पाठवतं. त्यातल्याच एकाने परवा विचारलं, की कव्हरचा पुठ्ठा वाळल्यावर कमानीसारखा का वाकतो. कागदाच्या आणि पुठ्ठ्याच्या तंतूंची दिशा कण्याला समांतर नसली की तसं होतं. लिहून पाठवलं, पण ते डोळ्यांनी दिसायला हवं. म्हणून एक पुठ्ठा बरोबर दिशेने आणि एक मुद्दाम आडव्या दिशेने कापून, दोन्हींना खळ लावून वाळत घातले आहेत. उद्या दोघांचा शेजारी ठेवून फोटो काढायचा आहे.