"लास्ट किती?"

मुलाची सायकल जुन्या वस्तूंच्या अ‍ॅपवर टाकली. गियरची, टायर नवे, किंमत ३५००. फोटोखाली सगळं लिहिलंय, पण वाचतंय कोण? सकाळपासून एकच जप: "अव्हेलेबल आहे का?" हो म्हटलं की माणूस गायब. एका गृहस्थांनी ८०० सांगितले, वर "घरपोच द्याल ना?" मी कोथरूडला, ते हडपसरला!

दुपारी एक साहेब उगवले. घासाघीस नाही, सायकल बघायचीही नाही, लगेच कबूल. "मी आर्मीत आहे, बदली झालीय, माणूस टेम्पो घेऊन येईल. तुम्ही फक्त हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील." अहो, यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला नाही! तसं म्हटल्यावर मलाच झापलं, "फौजेवर विश्वास नाही का?" फौजेचं नाव असं वापरतात, याचा जास्त संताप आला. नंबर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर, संशयित फसवे कॉल-मेसेज कळवायच्या 'चक्षू' सोयीत कळवलाय. (कुणाचे पैसे खरंच गेले असतील तर तडक १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.)

सायकल अजून आहे. ओळखीत ३००० ला देईन, पण न्यायला स्वतः यायचं. चहा माझ्याकडून.