मागच्या आठवड्याचं काय झालं?

दर बुधवारी संध्याकाळी आम्ही आठजण एका घरी बायबल उघडून बसतो. इकडे परदेशात आल्यापासून माझा गोतावळा म्हणजे एवढाच. अभ्यास घेणारे आजोबा निवृत्त बसचालक. उतारा एकदा वाचायचा, दोन मिनिटं गप्प बसायचं, पुन्हा वाचायचा, मग चर्चा. उठताना प्रत्येकाने सांगायचं, या आठवड्यात यातलं काय करणार. इथवर ठीक. पण पुढच्या बुधवारी मी दारात कोट काढत असते तोवर प्रश्न येतो, "मागच्या वेळचं झालं का?"

हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून खुपतो. मी काय चौथीत आहे गृहपाठ दाखवायला? माझा आणि देवाचा मामला, यांची वही कशाला मध्ये? (वही खरोखरची आहे, निळ्या पुठ्ठ्याची; कोण काय करणार म्हणालं, ते आजोबा तिच्यात टिपतात.) त्यातून मोघम बोललेलं चालत नाही. "मी धीर धरायला शिकेन," असं एकजण म्हणाला, तर आजोबांनी विचारलं, "कुठल्या रांगेत?"

एकदा मी सुनावलंही. स्तोत्र ८८ हे देवापुढचं गाऱ्हाणं शेवटपर्यंत अंधारातच राहतं, त्याचं काय 'करायचं' सांगा? तिथे नुसतं ऐकत बसणं हेच काम. त्यांनी ते मान्य केलं. वही मात्र मिटली नाही.

गेल्या बुधवारी याकोबाच्या पत्राचा पहिला अध्याय होता. वचन नुसतं ऐकू नका, त्याप्रमाणे वागा, नाहीतर स्वतःलाच फसवाल. संडे स्कूलपासून तोंडपाठ! म्हटलं, आज आपला दिवस. मी त्यांना मराठीतलं 'ऐकणं' समजावलं. आमच्याकडे 'पोरगं ऐकत नाही' म्हणजे ते बहिरं नसतं, सांगितलेलं करत नसतं. हिब्रूतला 'शमा' हा शब्दही तसाच, 'हे इस्राएला, ऐक' मधला. ऐकणं आणि मानणं एकाच शब्दात. सगळ्यांनी माना डोलावल्या, एकीने लिहून घेतलं. मी हवेत.

मग आरशाचा दाखला आला. माणूस आरशात तोंड पाहतो, निघून जातो आणि आपण कसे दिसतो तेच विसरतो. तेव्हाचे आरसे घासलेल्या धातूचे असत. पुढच्याच वाक्यात वचनात 'पाहणारा' माणूस येतो, तिथल्या मूळ ग्रीक शब्दात वाकून पाहण्याचा अर्थ आहे. हेही मीच सांगितलं.

आजोबांनी वहीची पानं उलटली. तीन आठवड्यांपूर्वीचं पान. मत्तय ५ : २३-२४. वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाची आठवण झाली तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. खाली माझं नाव आणि 'दादाला फोन'.

मी वेळेच्या फरकाचं सांगितलं. इकडची संध्याकाळ म्हणजे तिकडची मध्यरात्र वगैरे. ते खोटं नाही. पण तीन आठवड्यांत तीन रविवारही येतात, आणि दर रविवारी मी उपदेश ऐकताना 'हे दादाने ऐकायला हवं होतं' असंच म्हणत होते. बायबलमधला दावीद राजाही नाथान संदेष्ट्याने सांगितलेल्या गोष्टीतल्या, गरिबाची मेंढी लुबाडणाऱ्या श्रीमंतावर असाच चिडला होता, 'तो माणूस तूच' हे ऐकेपर्यंत. बाबांच्या घराच्या वाटणीत चूक कोणाची, हे आमच्या सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे. मग आधी मी का?

परतीच्या बसमध्ये ओळ पुन्हा काढली. तिथे 'तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर' असं नाहीच. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर, असं आहे. इतकी वर्षं पाठ असलेली ओळ मी उलटीच ऐकत आले होते. आणि चूक कोणाची, हे त्यात कुठेच विचारलेलं नाही.

बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाच्या ८व्या अध्यायात एज्रा शास्त्री पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो, लोक उभे राहून ऐकतात, रडतात. दुसऱ्या दिवशी त्यांना त्यात मांडवांच्या सणाची, म्हणजे फांद्यांचे मांडव घालून त्यांत राहायची आज्ञा सापडते, आणि ते थेट डोंगरावर फांद्या आणायला जातात. जैतुनाच्या, मेंदीच्या, खजुरीच्या. मला ती यादी नेहमी कंटाळवाणी वाटायची.

शनिवारी फोन लावला. दादाने तिसऱ्या रिंगला उचलला.

"काय गं, बरी आहेस ना?"

"हो. सहजच केला."

चार मिनिटं वहिनी आणि मुलांबद्दल बोललो. घराचा विषय मी काढला नाही, त्यानेही नाही. आता बुधवारी वहीत काय सांगायचं, झालं की नाही झालं?