फॉर्म आज भरू का थांबू?

परवा रात्री मावसबहिणीचा व्हॉइस मेसेज आला, पावणेचार मिनिटांचा. ताई जर्मनीतल्या मास्टर्सच्या ॲडमिशनचं पोर्टल ओपन झालंय, माझ्या ग्रुपमधल्या दोघींनी पहिल्याच दिवशी सबमिट केलं, माझी एसओपी (हाच कोर्स का करायचाय ते सांगणारा निबंध) अजून अर्धी आहे, एलओआर (सरांचं शिफारसपत्र) एकच आलंय, आयईएल्टीएसला (इंग्रजीच्या परीक्षेला) साडेसहा आहेत पण सात आले असते तर बरं झालं असतं, मी आज भरून टाकू का थांबू? आणि शेवटी अगदी हळू आवाजात, "ताई सीट्स भरतील का गं?"

मी तिला लगेच फोन केला कारण हा प्रश्न मी स्वतः दोन वर्षं डोक्यात घेऊन फिरलीये. एकदा उत्तर चुकलं आणि वर्ष गेलं, दुसऱ्यांदा बरोबर आलं आणि आज मी जर्मनीत बसून हे टाइप करतेय. तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे नीट लिहून ठेवते, कारण दरवर्षी जानेवारी आला की हाच प्रश्न वेगवेगळ्या पोरापोरींकडून येतो.

आधी ते सीट्स भरण्याचं. आपल्याकडे ही भीती कुठून येते ते मला माहितीये. अकरावीला 'प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य' नावाची फेरी असायची, तिथे खरंच जो आधी क्लिक करेल त्याला कॉलेज. ते डोक्यात इतकं बसलंय की कुठलाही फॉर्म दिसला की हात शिवशिवतात. पण जर्मनीतल्या बहुतेक पब्लिक युनिव्हर्सिटीत तसं नसतं, एक डेडलाइन असते आणि तिच्या आत आलेले सगळे अर्ज एकत्र बघतात, पहिल्या दिवशी आलेल्याला जास्त मार्क नाहीत. अमेरिकेत काही प्रोग्राम रोलिंग ॲडमिशनवाले असतात, म्हणजे अर्ज येतील तसे वाचत जातात आणि जागा देत जातात, तिथे मात्र लवकर जाण्याला अर्थ आहे, स्कॉलरशिपची तारीख कधीकधी वेगळी आणि आधीची असते तेही बघावं लागतं. त्यामुळे पहिलं काम म्हणजे आपण ज्या प्रोग्रामला भरतोय तिथे अर्ज कसे वाचतात ते त्या प्रोग्रामच्या पानावर जाऊन वाचणं. मैत्रिणीच्या स्क्रीनशॉटवर नाही, त्या पानावर.

मग लवकर भरायचंच कशाला, असं वाटेल. मलाही तसंच वाटलं होतं.

२०२२ ची गोष्ट. मी तेव्हा चाकणला एका कंपनीत होते, बीई मेकॅनिकल होऊन वर्ष झालेलं. डेडलाइन १५ जुलै. मी मे महिन्यातच भरू शकले असते, डॉक्युमेंट्स होती, पण एसओपी अजून चांगली होईल, अजून एकदा आयईएल्टीएस देऊ, सरांकडून अजून एक एलओआर मिळेल असं करत करत जुलै उजाडला. शेवटी १५ तारखेला मी गावी होते, वाळवा तालुक्यात, बाहेर धो धो पाऊस, लाइट संध्याकाळपासून गेलेली, पप्पांच्या मोबाईलचा हॉटस्पॉट घेऊन मी माजघरात बसलेले कारण तिथल्या खिडकीतच रेंज येते. मला एवढंच माहिती होतं की जर्मनीत रात्रीचे ११:५९ म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटेचे ३:२९ (हिवाळ्यात ४:२९ होतात, त्यांची घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात), त्यामुळे अजून साडेतीन तास आहेत, दोन तास आहेत असं मोजत होते. फी भरताना ओटीपी दोनदा आलाच नाही. पप्पा शेजारी बॅटरी धरून उभे, काही बोलले नाहीत, फक्त फोन थोडा वर धरायचे, परत थोडा डावीकडे. पावणेदोनला पेमेंट गेलं आणि आम्ही दोघांनी चहा घेतला.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ईमेल आला. मार्कशीटची मागची बाजू अपलोड केलेली नाही, ग्रेडिंग स्केल (जास्तीत जास्त ग्रेड किती आणि किमान पास किती याचा तक्ता) मिळालेलं नाही, मुदत संपल्यामुळे अर्ज पुढे पाठवता येत नाही. मी पुढची बाजूच स्कॅन केली होती, आठही सेमिस्टरची. मागे काय छापलेलं असतं ते मी चार वर्षांत कधी वाचलंही नव्हतं.

आणि ते मागचं पान किती महत्त्वाचं असतं ते मला नंतर कळलं. आपला सीजीपीए ते लोक त्यांच्या ग्रेडमध्ये बदलतात, त्याला बव्हेरियन फॉर्म्युला म्हणतात. जास्तीत जास्त ग्रेडमधून आपला ग्रेड वजा करायचा, त्याला जास्तीत जास्त वजा किमान पास याने भागायचं, तीनने गुणायचं, एक मिळवायचा. माझा सीजीपीए ८.२, जास्तीत जास्त १०, किमान पास ४, तर १.९ येतं. तेच किमान पास ५ धरलं तर दोनच्या वर जातं. तिकडे १ म्हणजे सगळ्यात भारी आणि ४ म्हणजे काठावर पास, आणि बऱ्याच प्रोग्रामची अट अडीचच्या आसपास असते, त्यामुळे ज्याचा सीजीपीए सात ते साडेसात आहे त्याचं आत की बाहेर हे त्या मागच्या पानावरच ठरू शकतं. म्हणजे चूक माझी होती, आणि छोटी नव्हती. पण ती चूक मला मे महिन्यात कळली असती तर दहा मिनिटांत दुरुस्त झाली असती. माझं वर्ष गेलं ते उशिरा भरल्यामुळे, चुकीमुळे नाही, असंच मी आजही मानते.

आता मी सगळ्यांना हेच सांगते, लवकर भरायचं ते नंबर लागावा म्हणून नाही तर समोरून आपली चूक दाखवणारं एक पत्र येऊन त्याला उत्तर देता यावं म्हणून. फॉर्म परफेक्ट होईपर्यंत थांबायचं असं ठरवलं तर कुठलाच फॉर्म कधी परफेक्ट होत नाही, आणि आपली चूक आपल्याला दिसत नसते, ती समोरच्यालाच दिसते.

हे आकड्यात बसवायला सोपं आहे. जर्मनीच्या खूप युनिव्हर्सिटींचे अर्ज युनी-असिस्ट नावाच्या, परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज तपासणाऱ्या संस्थेमधून जातात. पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सेमिस्टरच्या पुढच्या प्रत्येकाला ३०. पैसे पोचल्याशिवाय ते फाइल उघडतच नाहीत आणि तपासायला साधारण चार ते सहा आठवडे घेतात. ते स्वतःच सांगतात की डेडलाइनच्या किमान आठ आठवडे आधी पाठवा. १५ जुलैतून आठ आठवडे काढले की २० मे येते. म्हणजे माझ्यासाठी डेडलाइन २० मे होती, १५ जुलै नव्हतीच.

आणि सगळ्यांची १५ जुलै नसते. आखेनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत युरोपबाहेरच्यांसाठी मास्टर्सची १ मार्च असते. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत बहुतेक मास्टर्सची ३१ मे, पण तिथे आधी युनी-असिस्टकडून व्हीपीडी नावाचा, आपले मार्क तपासून दिलेला कागद काढून तो अर्जाला जोडावा लागतो आणि त्यालाच महिना-दीड महिना जातो, त्यामुळे ३१ मे वाचून निवांत बसलेल्याला एप्रिलच्या शेवटी घाम फुटतो. (तिथे २०२४ च्या विंटरपासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना ट्यूशन फीपण लागते, मास्टर्सला सेमिस्टरमागे ४००० ते ६००० युरो, तेही घरात आधी बोलून घ्या.) या तारखा एवढ्या आधी असण्याचं एक कारण व्हिसा आहे हे लक्षात घ्या. ॲडमिट ऑगस्टमध्ये आलं आणि लेक्चर ऑक्टोबरात सुरू, तर मधल्या दोन महिन्यांत ब्लॉक अकाउंट (तिकडच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं), व्हिसाची अपॉइंटमेंट, व्हिसा, तिकीट हे सगळं बसवायचं असतं. मला जमलं पण त्या दिवसांत आई रात्री झोपत नव्हती.

दुसऱ्या वर्षी मी उलटीकडून मोजलं. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतातल्या विद्यार्थ्यांना व्हिसासाठी एपीएस सर्टिफिकेट (आपली शिक्षणाची कागदपत्रं खरी असल्याचा दाखला) सक्तीचं झालं, फी १८,००० रुपये, कागद दिल्लीला पाठवायचे. तेव्हा सगळा देश एकदम तिथे धावलेला, माझं यायला सात आठवडे लागले. पण मी जानेवारीतच पाठवलं होतं म्हणून मार्चमध्ये हातात आलं. आयईएल्टीएस परत दिलं नाही. साडेसहा मागितले होते, साडेसहा होते, बास. जिथे अट पूर्ण होतेय तिथे अर्ध्या बँडसाठी दोन महिने घालवू नका असं माझं स्पष्ट मत आहे. अट पूर्ण होत नसेल तर मात्र थांबा, अपुऱ्या कागदावर अर्ज टाकून ७५ युरो घालवण्यात काही शहाणपणा नाही, ते परत मिळत नाहीत.

८ मेला सबमिट केलं. १२ जूनला ईमेल आला आणि खरं सांगते हात थरथरले. या वेळी नाव. मार्कशीटवर आडनाव आधी, मग माझं नाव, मग पप्पांचं, खाली आईचं नाव वेगळं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. ही दोन्ही माणसं एकच आहेत याचा पुरावा द्या म्हणे. आपल्याकडे हे कुणाला विचित्रही वाटत नाही, तिकडच्या माणसाला खरंच कळत नाही. इस्लामपूरला जाऊन ॲफिडेव्हिट केलं, नोटरी केली, इंग्रजीत, १६ तारखेला अपलोड. डेडलाइनला अजून एक महिना शिल्लक होता.

त्या जूनमध्ये आमच्याकडे पाऊसच नव्हता. मान्सून केरळातच ८ तारखेला पोचला आणि आमच्याकडे महिना संपत आला तरी रान कोरडं. मध्येच एक सर पडून गेली, गावात तिघाचौघांनी सोयाबीन पेरून टाकलं. पप्पा थांबले. बी घरात आणून ठेवलेलं, उगवण तपासून झालेली, गोणपाटावर शंभर दाणे मोजून. मी विचारलं तुम्ही का नाही पेरत, तर म्हणाले, "वल वरवर हाय गं, खाली हात घालून बघ. आत्ता पेरलं तर दुबार करावं लागंल." मग म्हणाले, "पर एकदा वाफसा आला की त्या दिवशी कुणाच्या लग्नाला जायचं न्हाई." मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या शेजारीच बसलेले, ॲफिडेव्हिटचं स्कॅन नीट गेलंय का ते परत उघडून बघत होते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी पेरलं. माझं ॲडमिट ऑगस्टच्या ३ तारखेला आलं.

तर मावसबहिणीचं असं ठरलंय. तिची पहिली डेडलाइन १ मार्चची आहे, पोर्टल थेट युनिव्हर्सिटीचं, त्यामुळे तिने १० फेब्रुवारीला सबमिट करायचं. त्याआधी मार्कशीटच्या दोन्ही बाजू मला पाठवायच्या, पासपोर्टचं पहिलं पान पाठवायचं, मी नावं जुळवून बघणार. एसओपी ५ तारखेपर्यंत जशी होईल तशी, त्यानंतर फक्त स्पेलिंग. राहिलंय ते दुसरं एलओआर. सर म्हणालेत करतो, पण ते डिसेंबरपासून म्हणतायत. उद्या ती स्वतः कॉलेजवर जाऊन त्यांच्या केबिनबाहेर बसणार आहे, मसुदा पेनड्राइव्हमध्ये घेऊन.